घर घेताय? जागेवर कुणाचा ‘बोजा’ आहे का, हे असं तपासा

समजा, छत्रपती संभाजीनगरमध्ये तुम्ही नुकतंच बांधलेलं घर विकत घेतलं. महिनाभरात एक ठेकेदार दारात येऊन म्हणतो, “जुन्या मालकानं माझे बांधकामाचे पैसे बुडवलेत. आता घर तुमचं, पैसेही तुम्हीच द्या.” त्याला असं म्हणता येतं का?

सहसा नाही. अमेरिकेत थकलेल्या मजुरीसाठी ठेकेदार थेट घरावर हक्क नोंदवू शकतो. मेरीलँड राज्यानं १७९१ मध्येच तसा कायदा केला. भारतात असा कायदा नाही. भारतीय करार कायद्याच्या कलम १७० नुसार कारागीर दुरुस्तीला आलेली वस्तू पैसे मिळेपर्यंत अडवून ठेवू शकतो, पण ती तरतूद जमिनीला किंवा घराला लागू होत नाही.

मग ठेकेदारानं काय करायचं?

दिवाणी दावा. पैसे देण्याची तारीख ठरलेली नसेल, तर काम झाल्यापासून ३ वर्षांत तो दाखल करावा लागतो. देणं बुडवण्यासाठी मालक घर विकायला निघाला असेल, तर न्यायालय निकालाआधीही घराची जप्ती करू शकतं.

खरेदीदाराला धोका आहे तो इथे. जप्तीनंतर मालकानं केलेली विक्री त्या दाव्याच्या वसुलीआड येऊ शकत नाही. म्हणजे तुमचं खरेदीखत झालेलं असूनही घर वसुलीत जाऊ शकतं.

बोजा कुठे दिसतो?

सगळे बोजे एकाच ठिकाणी दिसतील अशी नोंदवही नाही. त्यामुळे एवढं तरी पाहा:

- सातबारा किंवा मिळकत पत्रिका: सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ या रकान्यात कर्ज, जप्ती, कुळ यांच्या नोंदी असतात. सिटी सर्व्हे झालेल्या भागात मिळकत पत्रिका पाहावी.
- सूची क्रमांक २: नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर किंवा दुय्यम निबंधक कार्यालयात खरेदीखत, गहाणखत शोधता येतं. वकील साधारण ३० वर्षांचा शोध घेतात. महाराष्ट्रात १ एप्रिल २०१३ पासून, फक्त मूळ कागद बँकेत ठेवून कर्ज घेतलं तरी त्याची सूचना ३० दिवसांत नोंदवावी लागते.
- सरसाई: बँकांकडच्या गहाण मालमत्तांची केंद्रीय नोंद. ती २०११ पासून सुरू आहे आणि शुल्क भरून कुणालाही पाहता येते.
- ई-कोर्ट्स: विक्रेत्याच्या नावानं जिल्हा न्यायालयातले दावे शोधा.
- महापालिकेची करपावती: थकलेला मालमत्ता कर हा त्या मालमत्तेवरच बोजा असतो.

फ्लॅट असेल तर महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पावरचं कर्जही पाहा. तुमच्याशी करार झाल्यानंतर बिल्डरनं तोच फ्लॅट गहाण ठेवला, तर रेरा कायद्याच्या कलम ११ नुसार तुमच्या हक्काला बाधा येत नाही.

संभाजीनगरात आणखी काय पाहाल?

शहरात गुंठेवारीच्या वसाहती मोठ्या आहेत. तिथले अनेक प्लॉट नुसत्या बॉण्ड पेपरवर विकले गेले. असा व्यवहार सूची २ मध्ये येत नाही आणि सातबारा मूळ मालकाच्याच नावावर राहतो. त्यामुळे मूळ मालकाचं कर्ज किंवा जप्ती तुमच्या प्लॉटपर्यंत पोहोचू शकते. इथे विक्रेत्यासोबत मूळ मालकाचंही नाव शोधा. सिडकोनं भाडेपट्ट्यावर दिलेलं घर असेल, तर हस्तांतरणासाठी सिडकोचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं का, तेही विचारा. जुने दस्त शोधताना ‘औरंगाबाद’ हे नाव विसरू नका.

कर्ज फिटलं, तरी बोजा दिसतोय?

ही नोंद बहुधा आपोआप जात नाही. बँकेकडून कर्ज फिटल्याचं पत्र आणि मूळ कागद घ्या. सातबाऱ्यावरचा बोजा कमी करण्यासाठी तलाठ्याकडे किंवा ई-हक्क प्रणालीवर अर्ज करा. फेरफार मंजूर झाला की नवा उतारा काढून खात्री करा. नोंदणीकृत गहाणखत असेल, तर गहाणमुक्तीचा दस्तही नोंदवून घ्या.

तुम्ही खरेदीदार असाल तर इसार देण्याआधी एकदा आणि खरेदीखताच्या दिवशी पुन्हा एकदा उतारा पाहा. मधल्या काळातही नवी नोंद चढू शकते. ठेकेदार असाल तर लेखी करार करा आणि पैसे कामाच्या टप्प्याटप्प्यानं घ्या. कायदा घरावर हक्क देत नाही, म्हणून तुमचं खरं संरक्षण त्या करारातच आहे.