मुदतीआधीची उडी

मृगाचा पहिला मोठा पाऊस पडतो आणि परभणीच्या काळ्या शिवारात रात्रभर बेडकांचं डराव डराव चालतं. सकाळी बांधाजवळच्या डबक्यात पाहावं, तर भेकाच्या अंड्यांच्या लांबच लांब माळा. चिकट दोऱ्यात काळे मणी ओवावेत तशा. लहानपणी आम्ही त्या काडीनं उचलायचो. पिल्लं कधी निघणार, असं विचारलं की घरची मोठी माणसं म्हणत, 'मुदत भरली की निघतील.' कोंबडीला जसे 21 दिवस, तसंच हेही.

शास्त्रज्ञही बराच काळ साधारण असंच धरून चालले होते. गर्भाची वाढ पुरी झाली की अंडं फुटतं. ऊन-गारव्यानं थोडं मागंपुढं, इतकंच. या समजुतीला धक्का बसला तो 1990च्या दशकात, मध्य अमेरिकेतल्या कोस्टा रिका देशात. तिथं लाल डोळ्यांचा एक झाडबेडूक तळ्यावर झुकलेल्या पानावर अंडी घालतो. ती उबायला सुमारे सात दिवस लागतात. कॅरेन वॉर्केंटिन या संशोधक त्यावर नजर ठेवून होत्या. साप अंड्यांचा पुंजका खाऊ लागला, की उरलेल्या अंड्यांतली पाच दिवसांची पिल्लंसुद्धा पटापट बाहेर पडत आणि पाण्यात उडी घेत. 1995 साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं.

मग सगळीच पिल्लं लवकर का निघत नाहीत? कारण खाली पाण्यात मासे आणि कोळंबी टपलेली असतात, आणि अपुऱ्या दिवसांचं लहान पिल्लू त्यांच्या तोंडी लवकर सापडतं. वर साप, खाली मासा. थांबण्याची किंमत आहे, तशी निघण्याचीही आहे.

खरं कोडं पुढंच होतं. पानाला साप हलवतो, तसा पाऊसही हलवतो. पावसाच्या प्रत्येक सरीला उडी घेतली, तर वंश टिकणार कसा? वॉर्केंटिन यांनी सापाच्या आणि पावसाच्या कंपनांची नोंद घेतली आणि तीच कंपनं अंड्यांना पुन्हा दिली. सापाची कंपनं मिळताच पुष्कळ पिल्लं निघाली. पावसाची मिळाली तेव्हा फार थोडी. हे संशोधन 2005 साली प्रसिद्ध झालं. हादरा किती वेळ टिकतो, दोन हादऱ्यांमध्ये किती थांबा असतो, यावरून तो इवला जीव अंदाज बांधतो. निघायचं ठरलं की नाकाडावरच्या ग्रंथींतून स्राव सोडून अंड्याचं आवरण एका जागी विरघळवतो आणि काही सेकंदांत मोकळा होतो.

पानावर अंडी घालणारा बेडूक आपल्या सह्याद्रीतही आहे. ओढ्याकाठी राहणाऱ्या त्या रातबेडकाला 1955 साली हुमायून अब्दुलअली यांचं नाव दिलं गेलं. मुंबईच्या या निसर्ग अभ्यासकानं पुढं बेडकांच्या तंगड्यांच्या निर्यातीविरुद्ध लेखणी उचलली. बेडूक पिकांवरचे किडे खातो, तो परदेशी पाठवून आपण कीटकनाशकं विकत घेतो, हा त्यांचा रोकडा हिशोब होता. 1987 साली भारतानं ही निर्यात बंद केली.

आता आपल्या डबक्याकडे परत येऊ. साप ओळखण्याची अक्कल त्या झाडबेडकाच्या अंड्याला हजारो पिढ्यांनी शिकवली. फवारणीचं औषध मात्र कालपरवा आलेलं. त्याला ना कंपन, ना चाहूल. कपाशीवर फवारून झालं की पंप जवळच्या पाण्यात विसळायचा, ही आपली सवय. त्या पाण्यातल्या अंड्यांना पळायला जागाच नाही. बाहेर उडी घेतली तरी तेच पाणी. हा धोका आपल्यालाच ओळखता येतो. म्हणून पंप धुवायला डबक्यापासून, विहिरीपासून चार पावलं लांब जावं. मृगाच्या रात्री शिवार बोलत राहील.