गंडगाय : कुत्र्याचा पुतळा आणि दोन नावाडी

सिडनीहून मेलबर्नला मोटारीने जायचे तर ह्यूम महामार्ग धरावा लागतो. लेकीकडे गेलो होतो तेव्हा जावईबापूंनी वाटेत चहासाठी गाडी थांबवली, ती गंडगाय या गावाजवळ. सिडनीपासून सुमारे ३९० किलोमीटर, मरंबिजी नदीच्या काठी, मेंढ्यांच्या कुरणांत वसलेले हे जेमतेम दोन हजार वस्तीचे गाव. ‘गाय’ ऐकून नातू खूप हसला. पण नावाचा गायीशी संबंध नाही. तो शब्द तिथल्या विराजुरी या मूळनिवासी लोकांच्या भाषेतून आला आहे.

आम्ही थांबलो होतो ती जागा गावापासून आठेक किलोमीटर अलीकडे आहे. तिथे गंडगायची सर्वांत प्रसिद्ध वस्तू आहे : शिदोरीच्या पेटीवर बसलेला एक कांस्य कुत्रा. रेल्वे येण्यापूर्वी या वाटेने बैलगाड्यांवर लोकरीचे गठ्ठे जात. गाडीवान गेला तरी त्याच्या पेटीची राखण करत बसलेल्या इमानी कुत्र्याची ही कथा. मूळ गाडीवानी गाण्यात त्या कुत्र्याने शिदोरीची नासाडीच केली होती, असे म्हणतात; पुढच्या कवींनी त्याला सोज्वळ केले. २८ नोव्हेंबर १९३२ रोजी पंतप्रधान जोसेफ लायन्स यांनी या पुतळ्याचे अनावरण केले. समोरच्या कुंडात प्रवासी नाणी टाकतात आणि तो पैसा गावच्या रुग्णालयाला जातो. ही प्रथा मला फार आवडली.

पुतळा घडवणारे फ्रँक रस्कोनी गंडगायचेच पाथरवट. त्यांची खरी कमाल पाहायची तर गावातल्या पर्यटक केंद्रात जावे. संगमरवराचे २०,९४८ तुकडे जोडून त्यांनी एका भव्य प्रासादाची छोटी प्रतिकृती केली. त्यासाठी २८ वर्षे खर्ची घातली, आणि दगड सगळा आपल्याच राज्यातला वापरला.

पण या गावाची खरी गोष्ट कुत्र्याची नव्हे, नदीची आहे.

१८३८ साली सरकारने गावाची आखणी केली ती मरंबिजी आणि शेजारचा ओढा यांच्यामधल्या सपाट पात्रभूमीवर. गाडीवाटेला जागा सोयीची होती. इथे पाणी चढते, हे विराजुरी लोकांनी गोऱ्या वसाहतवाल्यांना सांगितले होते. पिढ्यान्‌पिढ्या त्या काठावर राहणाऱ्यांचे ते ज्ञान होते. ते कोणी मनावर घेतले नाही. १८४४ च्या पुराने पहिला इशारा दिला. तेव्हा रहिवाशांनी उंचावरचे भूखंड बदलून मागितले, पण सरकारने नकार दिला. लोक तिथेच राहिले.

जून १८५२ मध्ये, म्हणजे तिकडच्या ऐन हिवाळ्यात, संततधार लागली. २४ जूनच्या रात्री नदी गावात शिरली. माणसे माळ्यांवर, मग छपरांवर, मग झाडांवर चढली. घरे एकामागून एक वाहून गेली. अडीचशेच्या आसपास वस्तीच्या त्या गावात ऐंशीहून अधिक माणसे बुडाली. ऑस्ट्रेलियाच्या इतिहासातल्या अत्यंत भीषण पुरांमध्ये याची गणना होते.

वाचले ते मुख्यतः विराजुरी नावाड्यांमुळे. त्यांतला एक यारी. आपल्या कानाला हे नाव मैत्रीचेच वाटावे! झाडाच्या सालीच्या त्याच्या होडीत एका वेळी जेमतेम एक माणूस मावत असे. त्या होडीतून अंधारात, वाहत्या ओंडक्यांमधून, तो पुन्हा पुन्हा जात राहिला. दुसरा जॅकी जॅकी. त्याच्याकडे वल्ह्यांची होडी होती. या दोघांनी मिळून ६९ जणांना वाचवले, असे परंपरेने सांगतात. ज्यांनी त्यांची जमीन घेतली, ज्यांनी त्यांचा सल्ला ऐकला नाही, त्यांच्यासाठी त्यांनी जीव धोक्यात घातला.

गाव मग पार्नासस टेकडीच्या उतारावर आणि नदीपलीकडे उंच जागी हलले. पुढच्याच वर्षी त्याहून मोठा पूर आला, तेव्हा ही सुबुद्धी किती योग्य होती ते कळले. जुन्या गावाची सपाटी आजही मोकळी आहे. ती ओलांडण्यासाठी लांबच लांब पूल बांधावे लागले. १८६७ च्या प्रिन्स आल्फ्रेड पुलाचा जीर्ण लाकडी भाग अलीकडे उतरवला गेला, पण नदीवरचा लोखंडी भाग उभा आहे. १९०३ चा लाकडी रेल्वे पूलही पाहता येतो. गाड्या मात्र केव्हाच बंद झाल्या.

आणि ते दोन नावाडी? गावाने त्यांना कोरीव कांस्य छातीपट्टे दिले. यारी १८८० मध्ये गंडगायलाच वारला. त्यांचा पुतळा मुख्य रस्त्यावर, म्हणजे शेरिडन स्ट्रीटवर, उभा राहिला तो २०१७ साली. हिशेब करून पाहा : गाण्यातल्या कुत्र्याला पंतप्रधानांच्या हस्ते १९३२ सालीच मान मिळाला, खऱ्या माणसांना मात्र पुरानंतर १६५ वर्षे वाट पाहावी लागली. तरी उशिरा का होईना, गावाने ऋण मान्य केले, हेही थोडे नाही.

त्या पुतळ्यापाशी उभा असताना मला आपली विश्वामित्री आठवली. २०१९ आणि २०२४ च्या पावसाळ्यात तिचे पाणी बडोद्याच्या घराघरांत शिरले, तेव्हा कोणी गळ्याएवढ्या पाण्यातून दूध पोहोचवले, कोणी म्हाताऱ्यांना खांद्यावर घेऊन बाहेर काढले. त्यांतल्या कितींची नावे आपल्याला आठवतात? पुतळे नकोत, पण निदान नावे तरी लिहून ठेवू या. आणि नदीकाठी पिढ्यान्‌पिढ्या राहिलेला माणूस ‘इथवर पाणी येते’ असे सांगतो, तेव्हा त्याचे ऐकू या. गंडगायने हा धडा फार मोठी किंमत मोजून घेतला.