फॉर्म भरताना एवढं विचारा : तुमची वैयक्तिक माहिती आणि नवा कायदा

रमजान जवळ आला की मोहल्ल्यात रेशन किटसाठी नावनोंदणी सुरू होते. त्याशिवाय स्कॉलरशिपचे फॉर्म असतात, मुलीच्या रिश्त्यासाठी बायोडेटा असतो. प्रत्येक ठिकाणी आधारची झेरॉक्स, फोटो, मोबाईल नंबर आपण देऊन मोकळे होतो. पुढे त्या कागदाचा फोटो कोणत्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरतो, हे कोणी विचारत नाही. आता ते विचारण्याचा हक्क कायद्याने दिला आहे.

कायदा कोणता?

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला. त्यानंतर ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेने डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा मंजूर केला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले. माहिती गोळा करणाऱ्यांवरची मुख्य बंधने त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतील, असे त्या नियमांत म्हटले आहे.

कोणाला लागू?

कंपनी, अ‍ॅप, शाळा, दवाखाना, विवाह मंडळ, तसेच आपले ट्रस्ट आणि जमातीसुद्धा यात येतात. कागदावरचा फॉर्म कागदावरच राहिला तर हा कायदा लागू होत नाही. पण तीच माहिती कॉम्प्युटरमध्ये भरली किंवा मोबाईलवर पाठवली की तो लागू होतो. स्वतःच्या घरगुती कामासाठी ठेवलेले नंबर-पत्ते यातून वगळले आहेत.

माहिती घेणाऱ्याने काय पाळायचे?

• कोणती माहिती, कशासाठी घेतोय हे साध्या भाषेत आधी सांगायचे. ही सूचना मराठी किंवा उर्दूतही मागता येते.
• संमती मोकळेपणाने आणि स्पष्ट दिलेली हवी. गप्प राहणे म्हणजे होकार नव्हे.
• कामापुरतीच माहिती घ्यायची. कायद्यातच उदाहरण आहे: डॉक्टरी सल्ल्याच्या अ‍ॅपला तुमच्या फोनमधल्या कॉन्टॅक्ट लिस्टची गरज नसते. त्यामुळे तुम्ही 'हो' म्हटले असले तरी त्या यादीपुरती ती संमती धरली जात नाही.
• संमती देणे जितके सोपे, तितकेच ती मागे घेणेही सोपे असले पाहिजे.
• १८ वर्षांखालील मुलांसाठी आई-वडिलांची खात्रीशीर संमती हवी. मुलांवर पाळत ठेवून जाहिराती दाखवायला मनाई आहे.
• माहिती फुटली तर ती ज्यांची आहे त्यांना आणि डेटा संरक्षण मंडळाला विनाविलंब कळवायचे.

सुरक्षेची पुरेशी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मात्र हा दंड सरकारी तिजोरीत जातो, ज्याचे नुकसान झाले त्याच्या हातात त्यातून काही पडत नाही. सरकारी यंत्रणांनाही या कायद्यात बऱ्याच सवलती आहेत. म्हणून आपली खबरदारी आपणच घ्यायला हवी.

तुमचे हक्क

आपली कोणती माहिती ठेवली आहे ते विचारता येते, चूक दुरुस्त करून घेता येते, काम संपल्यावर ती पुसायला सांगता येते. आधी त्या संस्थेकडेच लेखी तक्रार करा. तिने जास्तीत जास्त ९० दिवसांत निवारण करायचे आहे. तरीही दाद लागली नाही तर मंडळाकडे जाता येईल. खोटी तक्रार मात्र करू नका, त्यासाठी १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे.

आजपासून काय करता येईल?

जिथे चालत असेल तिथे आधारचे फक्त शेवटचे चार अंक दिसणारी प्रत द्या. झेरॉक्सवर तारीख आणि कारण लिहा. मुलीचा फोटो आणि घरचा पत्ता मोठ्या ग्रुपवर टाकू नका, समोरच्या घराशी बोलणे झाल्यावरच द्या. ऑनलाइन पैशांची फसवणूक झाली तर लगेच १९३० वर फोन करा.

आणि जमातीच्या, ट्रस्टच्या जबाबदार मंडळींना एक विनंती. किट घेणाऱ्या बेवा बहिणीचे नाव, फोटो, आधार ही तुमच्याकडे तिची अमानत आहे. वाटप झाले, हिशेब पूर्ण झाला की ती यादी मोबाईलमधून काढून टाका. त्यासाठी २०२७ ची वाट पाहायची गरज नाही.