कुंडीतला बेवड

मार्च सरत आला की इंदिरानगरातील आमच्या इमारतीच्या गच्चीवरचे टोमॅटो संपतात. वाळलेली झाडे उपटली जातात आणि कुंड्यांतली माती गोणीत भरून जिन्याखाली ठेवली जाते. पावसाळ्यापूर्वी ती गोणी कुठेतरी रिती होते, रोपवाटिकेतून लाल मातीची नवी गोणी येते. 'माती जुनी झाली', असे कारण हमखास सांगितले जाते. मराठी शिकविणाऱ्या आम्हां मंडळींना या वाक्यापाशी अडखळायला होते, कारण शेतकऱ्याच्या बोलीत माती जुनी होत नाही. तिला बेवड असतो.

निफाड-दिंडोरीकडून येणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांना हा शब्द ठाऊक असतो. शहरातल्यांना 'बेवडा' तेवढा आठवतो, आणि वर्गात हशा पिकतो. आधीचे पीक जमिनीत जे ठेवून जाते आणि तिच्यातून जे घेऊन जाते, त्याचा पुढच्या पिकावर होणारा परिणाम म्हणजे बेवड. हरभऱ्याचा बेवड चांगला मानतात, कारण कडधान्याच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र बांधून ठेवतात. ज्वारीचे तसे नाही. तिची धसकटे कुजविताना जमिनीतले जिवाणूच उपलब्ध नत्र वापरून टाकतात आणि पुढचे पीक काही काळ पिवळे पडते. म्हणजे बेवड ही स्तुती नव्हे. त्यात वारसा आहे, तसे कर्जही आहे.

या कल्पनेला प्रयोगशाळेची भाषा मिळाली ती इंदिरानगराजवळून जाणाऱ्या मुंबई-आग्रा महामार्गावरच, धुळे आणि सेंधव्याच्या पलीकडे, होळकरांच्या इंदुरात. १९२४ साली तेथे वनस्पती-संशोधनाची संस्था उभी राहिली. तिचे मुख्य प्रयोजन कापूस. अल्बर्ट हॉवर्ड तिचे संचालक होते. त्यांच्या पत्नी गॅब्रिएल याही वनस्पतिशास्त्रज्ञ. कापसाचे पीक निघाले की पऱ्हाट्यांचा ढीग उरे आणि तो लवकर कुजत नसे. संस्थेत या पऱ्हाट्या रस्त्यावर पसरून गाड्यांच्या चाकांखाली चिरडून घेत. मग पालापाचोळा, शेण, राख आणि गोठ्यातली गोमूत्राने भिजलेली माती यांचे थर खड्ड्यात रचून, पाणी शिंपून, ठरावीक अंतराने ते परतीत. सुमारे तीन महिन्यांत खत तयार होई. गोठ्याची माती खणून खतात घालायची आणि तिच्या जागी नवी पसरायची, हा या पद्धतीचा भाग आम्हांला विशेष वाटतो. वापरलेल्या मातीला तेथे टाकाऊ म्हणून नव्हे, कच्चा माल म्हणून किंमत होती. हॉवर्ड यांनी चीनमधील शेतीच्या वर्णनांचा आधार घेतला होता, आणि भारतातील शेतकरी व पिकांवरची कीड यांना ते आपले प्राध्यापक मानीत. आमच्या पेशाला हे थोडे झोंबणारेच आहे.

१९३१ साली या प्रयोगांवरचे इंग्रजी पुस्तक ऑक्सफर्डने प्रसिद्ध केले. शेतीतील टाकाऊ पदार्थांपासून ह्यूमस कसा करावा, हा त्याचा विषय. त्याच्यावर लेखक म्हणून दोन नावे आहेत: अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत डी. वाड. १९४० साली हॉवर्ड यांचा 'अ‍ॅन अ‍ॅग्रिकल्चरल टेस्टामेंट' हा ग्रंथ आला, त्यावर नाव एकट्या हॉवर्ड यांचे. पुढे इंग्लंड-अमेरिकेत सेंद्रिय शेतीची चळवळ वाढली ती मुख्यतः या दुसऱ्या ग्रंथाच्या बळावर. 'इंदूर पद्धत' जगभर गेली आणि वाड हे नाव मागे राहिले. यात कोणाचा कट होता असे आम्ही म्हणत नाही. पण सहलेखकाचे नाव गळून पडणे ही साहित्याच्या अभ्यासकाने सहज सोडून द्यावी अशी गोष्ट नाही. पहिल्या पुस्तकाचा बेवड दुसऱ्याला लाभला, आणि चर्चा पिकाचीच झाली.

पुन्हा गच्चीकडे येऊ. शेताचा बेवड आणि कुंडीचा बेवड यांत मोठा फरक आहे: कुंडीला खालची जमीन नसते. मुळांना आणि क्षारांना पळून जायला वाट नाही. वरून रासायनिक खते दिली की काठावर पांढरी साय धरते. अशी माती एकदा भरपूर पाण्याने धुऊन निथळू द्यावी लागते. आम्ही स्वतः तीन वर्षे त्याच मातीत टोमॅटोच लावले. तिसऱ्या वर्षी भर फुलोऱ्यात झाडे उभ्या उभ्या सुकली. शेजारच्या कुंडीत वांगी लावली, त्यांचीही तीच गत. टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा ही एकाच कुळातली भावंडे, त्यामुळे एकाचा रोग दुसऱ्याला सहज लागतो, हे आम्हांला तेव्हा उमगले. वर्गात कूळ आणि वंशावळ शिकवणाऱ्यांना गच्चीवर त्याचा विसर पडावा!

आता झाड उपटताच आम्ही मुळे पाहतो. गाठाळ दिसली, किंवा झाड मर लागून गेले असेल, तर ती माती खाद्यपिकांना देत नाही. एरवी माती मोकळी करून चाळतो, जाड मुळे काढतो, ओलसर करून पारदर्शक प्लास्टिकखाली एप्रिल-मेच्या उन्हात काही आठवडे तापू देतो. नंतर तिच्यात साधारण चौथा हिस्सा कुजलेले खत आणि थोडी निंबोळी पेंड मिसळतो, आणि आधी मेथी किंवा चवळी लावतो. शेंगा खुडून झाल्यावर चवळीचे वेल बुडाशी कापतो. मुळे तशीच आत राहू देतो.

यंदा जिन्याखालच्या गोण्यांवर आम्ही खडूने आधीच्या पिकाचे नाव लिहिले आहे. शेजारच्या काकूंनी ते वाचून विचारले, "मिरची आहे का यात?" आम्ही म्हटले, होती.