दाभोळचे बंदर कोणी बुडवले?

कोकणातल्या आपल्या मोहल्ल्यांतून दाभोळचा विषय निघाला की बुजुर्ग मंडळी सुस्कारा टाकतात. बहमनी आणि आदिलशाही काळातले ते नामांकित बंदर. तिथून होर्मुझला, अरबस्तानला गलबते सुटत, हाजी निघत. पुढे बहमनी राज्याचा वजीर झालेला महमूद गवान इराणातून आला तो याच बंदरात उतरला. मग फिरंगी आले आणि सारे संपले, असा या कथेचा शेवट असतो. आम्हाला ही कथा अर्धी वाटते.

फिरंग्यांनी दाभोळ जाळले हे खरेच. १५०८ च्या मार्चमध्ये चौलच्या लढाईत पोर्तुगीज व्हाइसरॉय अल्मैदा याचा मुलगा मारला गेला. त्याचा सूड म्हणून डिसेंबरात अल्मैदा दाभोळवर उतरला, शहर लुटले, पेटवले आणि रहिवाशांची कत्तल केली. पण दाभोळ त्यानंतर पुन्हा उठले. खाडीकाठची आदिलशाही मशीद, जिला लोक अंडा मशीद म्हणतात, ती या आगीनंतरची आहे. विजापूरची एक शहजादी हजला जाण्यासाठी आली, समुद्राची वाट सुरक्षित नाही म्हणून थांबली आणि सोबतचा पैसा तिने मशिदीवर खर्च केला, असे सांगतात. खरेखोटे अल्लाह जाणे, पण मेलेल्या बंदरात कोणी अशी इमारत उभी करत नाही.

तेव्हा तोफांनी जे झाले नाही ते कशाने झाले? आमच्या मते उत्तर समुद्रात शोधून मिळणार नाही. ते सह्याद्रीत आहे.

बंदरात माल उतरतो, पण तिथे खपतो थोडाच. तो घाटावर चढला तर तिजारत. दख्खनच्या सुलतानांना घोडे हवे असत आणि चांगले घोडे अरबस्तान, इराणकडून गलबतांतून येत. १४७० च्या आसपास आलेला रशियन व्यापारी निकितीन दाभोळच्या या घोड्यांच्या व्यापाराची नोंद करतो. घोडा हा मोठा सोयीचा माल. गलबतातून उतरला की आपल्याच पायांनी घाट चढतो! बाकीचा माल बैलांच्या पाठीवर जाई. त्याला गाडीरस्ता लागत नसे, कुंभार्ली घाटासारखी पायवाट पुरे होई. सगळ्याच बंदरांच्या मागे असा डोंगर होता, तोवर दाभोळचे काही अडत नव्हते. मुंबईचे बंदर दाभोळपेक्षा खोल आणि चांगल्या आडोशाचे. पण घाट तिलाही चुकला नव्हता.

हा तोल एकोणिसाव्या शतकात बिघडला. १८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता झाला. १८५३ मध्ये मुंबई–ठाणे रेल्वे सुरू झाली, ती १८६३ मध्ये बोरघाट चढली आणि १८६५ मध्ये थळघाट चढून इगतपुरीला पोहोचली. याच वर्षांत अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते, त्यामुळे इंग्लंडच्या गिरण्यांना हिंदुस्थानी कापूस हवा होता. १८६९ मध्ये सुएझचा कालवा उघडला. मग मुंबईत १८७५ ला ससून गोदी, १८८० ला प्रिन्सेस गोदी झाली. १९१५ मध्ये तर पोर्ट ट्रस्टची स्वतःची रेल्वे सुरू झाली.

दाभोळच्या खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा. आगबोटींच्या जमान्यात ही अडचण होतीच, पण खरा घाव वरून बसला. रेल्वेपूर्वी कराडकडचा कापूस बैलांवरून कुंभार्ली उतरून चिपळूणला येई आणि भरतीच्या पाण्यावर मचव्यांतून खाडीने बाहेर पडून मुंबईला जाई. १८९० च्या आसपास पुणे–मिरज–लोंढा रेल्वेमार्ग पूर्ण झाला आणि त्या कापसाला घाट उतरून आमच्याकडे येण्याचे कारण उरले नाही. कोणी तोफ डागली नाही, कोणी आग लावली नाही. शाळेच्या पुस्तकांत लढायांच्या तारखा असतात, रस्ता कधी झाला याच्या नसतात. म्हणून आपली पोरे अल्मैदाचे नाव पाठ करतात आणि मिरज लाइन विसरतात.

जिथे माल गेला तिथे माणसेही गेली. कोकणी मुसलमान मुंबईच्या गोदीत, इंग्रजी आगबोटींवर खलाशी, सारंग होऊन गेला, नंतर आखातात गेला. हाजीही मुंबईहून निघू लागले, ते १९९५ पर्यंत जहाजाने जात. घरी मनिऑर्डर यायची आणि बंदरावर शुकशुकाट. याला कौमची सुस्ती म्हणणारे लोक भेटतात, तेव्हा आम्हाला राग येतो.

१९९८ मध्ये कोकण रेल्वे रोहा ते मंगळूर सलग धावू लागली. ती खेड, चिपळूणवरून जाते, दाभोळला नाही. खाडीपलीकडे अंजनवेलला २०१३ पासून द्रवरूप नैसर्गिक वायूची जहाजे येऊ लागली. लाटा अडवणारी भिंत अपुरी असल्याने ते बंदर कित्येक वर्षे पावसाळ्यात बंद ठेवावे लागले. म्हणजे बांधकामाचा प्रश्न तिथेही सुटला नव्हता. हा वायू नळातून थेट बंगळूरपर्यंत जातो. त्याला ना हमाल लागतो, ना तांडेल, ना घाट चढणारा बैल. दाभोळच्या धक्क्यावरून २००३ पासून धोपाव्याला फेरीबोट जाते, तिच्यावर मोटारी आणि पलीकडे जाणारी माणसे असतात.