चाकोरी आपल्या हातची

मंडळी, 'चाकोरी' हा शब्द आपण बहुतेक वेळा नाक मुरडूनच वापरतो. चाकोरीतलं आयुष्य, चाकोरीबाहेरचा विचार वगैरे. मूळ अर्थ अगदी साधा.. बैलगाडीच्या चाकांनी रस्त्यात पाडलेली घळ. एकदा चाक तीत उतरलं की गाडीवान डुलकी काढायला मोकळा. आज ज्या छंदाबद्दल लिहितोय त्यात माणसं मोजूनमापून, स्वतःच्या हाताने, लाकडात अशी चाकोरी कोरतात आणि तिच्यातून छोट्या विजेच्या मोटारी पळवतात. या मोटारींना 'स्लॉट कार' म्हणतात. स्लॉट म्हणजे खाच.

आमच्या घरी आठ बाय चारच्या एमडीएफ शीटवर असंच काहीतरी चाललंय, ही बातमी नातेवाइकांत एव्हाना पसरली आहेच. "अरे, तयार प्लास्टिकचा ट्रॅक मिळतो की खोक्यात! मग घरभर हा भुसा कशाला?" हा प्रश्न दोन काकूंनी आणि एका मेव्हण्याने विचारून झालाय. प्रत्येकाला फोनवर सांगत बसण्यापेक्षा इथेच लिहितो. उत्तर जरा लांबचं आहे, कारण ते इतिहासातून फिरून येतं.

आधी खेळ समजून घेऊ. रस्त्यात साधारण ३ मिलिमीटर रुंदीची खाच असते. खाचेच्या दोन्ही बाजूंना तांब्याच्या पट्ट्या, त्यांत साधारण १२ व्होल्टची डीसी वीज. मोटारीच्या नाकाखाली एक पातळ पातं असतं, ते खाचेत उतरतं. पात्याच्या दोन बाजूंचे तारांचे झुबके पट्ट्यांवर घासत वीज घेतात. हातात एक खटका. दाबला की वेग वाढतो, सोडला की कमी होतो. बस्स. स्टिअरिंग नाही. गाडीने कुठे जायचं हे आधीच ठरलेलं, किती वेगाने जायचं एवढंच आपल्या हाती. वळणावर हाव केली की पातं खाचेतून निसटतं आणि गाडी थेट टेबलाखाली!

विजेच्या खेळण्यातल्या मोटारी तशा जुन्याच. आगगाड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या अमेरिकेतल्या लायनेल कंपनीने १९१२ साली असा शर्यतीचा संच काढला होता. काही वर्षांतच तो बंद पडला. आपला आजचा खेळ मात्र त्याचा थेट वारस नव्हे. तो घडला १९५० च्या दशकात, इंग्लंडमधल्या हौशी लोकांच्या क्लबांत. लिव्हरपूलच्या उत्तरेला साउथपोर्ट नावाचं समुद्रकाठचं गाव आहे. तिथल्या मॉडेल इंजिनिअरिंगवाल्या मंडळींनी दशकाच्या मध्यावर सहा लेनचा, जवळजवळ ६० फुटी विजेचा ट्रॅक उभा केला. मोटारी खऱ्या गाडीच्या १/३२ आकाराच्या, म्हणजे साडेचार मीटरची गाडी सुमारे १४ सेंटिमीटरची. तिथे खाच नव्हती, रस्त्यावर उभा रूळ होता. पण रूळ वर आला की रस्ता रस्त्यासारखा दिसत नाही. लवकरच निरनिराळ्या क्लबांनी रुळाऐवजी खाच पाडायला सुरुवात केली आणि खेळाला आजचं नाव मिळालं.

आता गंमत पाहा. या लोकांकडे विकत घेण्यासारखं जवळजवळ काहीच नव्हतं. मग मिळेल त्यातून करायचं. हार्डबोर्ड घ्यायचा (आपण परीक्षेला पॅड न्यायचो ना, तोच तपकिरी हार्डबोर्ड), त्याच्या पट्ट्या कापायच्या आणि फळीवर मध्ये बारीक फट ठेवून चिकटवायच्या. झाली खाच तयार! राऊटर नसला तरी अडत नसे.

आणि मग या कथेत कारखाना आला. फ्रेड फ्रान्सिस नावाचा हत्यारं-साचे बनवणारा इंग्रज कारागीर 'मिनीमॉडेल्स' ही कंपनी चालवायचा. चावीवर पळणाऱ्या पत्र्याच्या मोटारी तो 'स्केलेक्स' नावाने विकत होता. त्याने त्यात विजेची मोटर बसवली, रबराचा खाचेचा ट्रॅक केला, आणि 'स्केलेक्स' व 'इलेक्ट्रिक' जोडून नाव दिलं 'स्केलेक्सट्रिक'. जानेवारी १९५७ मध्ये हॅरोगेटच्या खेळण्यांच्या जत्रेत ते दाखवलं गेलं. मागणी एवढी आली की ती पुरवणं त्याच्या आवाक्याबाहेर गेलं. पुढच्याच वर्षी, १९५८ मध्ये, त्याने कंपनी लाइन्स ब्रदर्स या बड्या खेळणीवाल्यांना विकली. पुढे पत्र्याच्या जागी प्लास्टिक आलं.

अमेरिकेत तर १९६० नंतर नुसता धुमाकूळ. घरात छोट्या मापाचे प्लास्टिकचे संच, आणि बाहेर बोलिंगच्या हॉलसारखी खास शर्यतींची दुकानं. तिथे तासावर पैसे मोजून मुलं खेळायची. त्या दुकानांतले मोठे ट्रॅक मात्र लाकडाचेच असत. 'किंग' या नावाने ओळखला जाणारा आठ लेनचा ट्रॅक १५५ फूट लांबीचा. जपानहून माबुचीच्या स्वस्त मोटरी आल्या, त्याने खेळ अजून पसरला.

आणि फुगा फुटला. १९६५ च्या आसपास शिखरावर असलेला हा धंदा दशक संपता संपता कोसळला. कारणं बरीच सांगतात. गाड्या इतक्या वेगवान झाल्या की नवख्या मुलाला डोळ्यांनी दिसेनात, मग जिंकणं तर दूरच. महागड्या गाड्या घेऊन येणारे सराईत लोकच उरले. त्यात १९६८ मध्ये मॅटेलने 'हॉट व्हील्स' आणल्या. ना वायर, ना वीज, उतारावर सोडा आणि बघत बसा! दुकानं पटापट बंद झाली, कित्येक मोठे ट्रॅक मोडीत निघाले. इंग्लंडात १९७१ मध्ये खुद्द लाइन्स ब्रदर्स बुडाली. (स्केलेक्सट्रिक हे नाव मात्र हातोहात फिरत तगलं.)

माझ्या मते खरा इतिहास इथून पुढचा आहे, पण तो फारसा लिहिला जात नाही, कारण त्यात आकडे आणि जाहिराती नाहीत. धंदा गेला तरी खेळ गेला नाही. तो जिथून आला होता तिथेच परतला.. तळघरात, गॅरेजात, माळ्यावर. कंपनीचे सुटे भाग मिळेनासे झाले की प्लास्टिकचा ट्रॅक खोक्यात पडून राहतो. लाकडी ट्रॅकचं तसं नसतं. पट्टी उखडली, नवी चिकटवा. खाच बिघडली, लांबी भरा, पॉलिशपेपर मारा, पुन्हा कोरा. चिकट तांब्याची टेप तर या छंदाच्या दुकानातून घ्यायचीही गरज नाही. रंगीत काचेच्या खिडक्या करणारे ती वापरतात, आणि इंग्लंडातले बागवाले गोगलगायी दूर ठेवायला कुंडीभोवती गुंडाळतात!

पुढे लाकडाला आणखी एक कारण मिळालं. खोक्यातल्या गाड्या वळणावर उडू नयेत म्हणून कंपन्यांनी त्यांच्या पोटात लोहचुंबक बसवायला सुरुवात केली. प्लास्टिकच्या ट्रॅकमधल्या पोलादी पट्ट्यांना गाडी धरून राहते. लहान मुलांसाठी उत्तम. पण मग खटका दाबून धरला की काम झालं, चालवणं उरतं कुठे? तांब्याला चुंबक चिकटत नाही. त्यामुळे लाकडी ट्रॅकवर गाडी पुन्हा स्वतःच्या वजनावर आणि टायरवर येते. वळणावर शेपूट बाहेर टाकते, घसरते, सावरते. ब्रेकही मजेशीर असतो. खटका सोडला की मोटरची दोन टोकं एकमेकांना जोडली जातात, फिरणारी मोटर क्षणभर जनित्र बनते आणि स्वतःलाच अडवते.

आणि कोरताना जे शिकायला मिळतं ते तर वेगळंच. एक नमुना देतो. दोन लेनमध्ये १० सेंटिमीटर अंतर असेल, तर एका फेरीत बाहेरची लेन किती लांब पडेल? उत्तर सुमारे ६३ सेंटिमीटर (१० गुणिले दोन पाय). ट्रॅक केवढाही असो, कितीही वेडावाकडा असो, लेन एकमेकींना ओलांडत नसतील तर फरक तेवढाच! पण इंग्रजी आठसारखा ट्रॅक केला, मध्ये एक पूल बांधला, की डावीकडची वळणं उजवीकडच्यांना फेडून टाकतात आणि दोन्ही लेन सारख्या होतात. शाळेत हे कुणी असं दाखवलं असतं तर!

आता काम म्हणाल तर फार अवघड नाही, चिकाटीचं आहे. गोल वळणासाठी राऊटरला एक लांब दांडी लावून कंपाससारखा फिरवतात. मनासारख्या वळणासाठी लवचीक पट्टी खिळ्यांनी वाकवून बसवतात आणि तिच्या कडेने राऊटर नेतात. एमडीएफला रेषा नसतात, त्यामुळे खाच स्वच्छ निघते. धूळ मात्र वाईट, नाकावर चांगला मास्क हवाच.

तर काकू, एवढं पुराण सांगून झाल्यावर लाकडाची उणी बाजूही सांगायला हवी. प्लास्टिकचा ट्रॅक सुटा होऊन कपाटात जातो. लाकडी ट्रॅक घर बदललं की जात नाही. जिन्यातून उतरत नाही, नव्या खोलीत मावत नाही. हौशी लोकांचे कितीतरी सुंदर ट्रॅक असे करवतीखाली गेले आहेत, आणि माझाही कधीतरी जाईल. म्हणजे टिकतात ते ट्रॅक नाहीतच. टिकतं ते कसं करायचं याचं ज्ञान.. खाच किती रुंद, पट्टी किती दूर, वळणाआधी खटका कधी सोडायचा. साउथपोर्टच्या त्या मंडळींपासून ते असंच हातातून हातात येत राहिलंय, मध्ये एक अख्खा धंदा उभा राहून बुडाला तरी.

चाकोरी वाईट नसते हो. ती कुणी पाडली आणि बुजली तर पुन्हा कोरता येते का, एवढंच बघायचं असतं. असो. पुलाचं काम अजून बाकी आहे, आणि पाहुण्यांपैकी कुणाला पॉलिशपेपर मारायची हौस असेल तर स्वागत आहे. चहा आमच्याकडून!