बिजागरीपुढचं शिसं

पंखाच्या मागच्या कडेला बिजागरीवर हलणारा पट्टा म्हणजे एलेरॉन. त्याच्या जोरावर विमान कुशीवर वळतं. हलक्या विमानाचा एलेरॉन उतरवून पाहिला, तर बहुधा बिजागरीच्या पुढच्या अंगाला एक जड तुकडा सापडतो, पुष्कळदा शिशाचा. ग्रॅमाग्रॅमाचा हिशेब असलेल्या यंत्रात हे ओझं मुद्दाम घातलेलं असतं.

त्याचं मूळ पहिल्या महायुद्धात आहे. १९१६ साली ब्रिटनच्या हँडली पेज बॉम्बरची शेपटी उडता उडता पिळवटू लागली. दोन्ही बाजूंचे एलिव्हेटर, म्हणजे शेपटीवरचे हलणारे पट्टे, वेगवेगळ्या तारांवर चालत आणि एक वर गेला की दुसरा खाली जाई. इंग्रज अभियंते लँचेस्टर यांनी हे हेरलं. दोन्ही एका नळीनं जोडल्यावर शेपटी स्थिरावली. एलेरॉनचं दुखणं मात्र वेगळं होतं. त्यावरचा इलाज संशोधक फॉन बाउमहाउअर आणि कोनिंग यांनी एका डच सीप्लेनचा अभ्यास करून १९२३ मध्ये मांडला. पंख झटक्यानं वर उचलला गेला की मागून जड असलेला एलेरॉन मागं राहतो, म्हणजेच खाली झुकतो. खाली झुकल्यानं पंखाला आणखी उचल मिळते. परतताना तेच उलट घडतं आणि प्रत्येक हेलकावा आधीच्याहून मोठा होतो. हाच फ्लटर; तो काही क्षणांत पंख मोडू शकतो. एलेरॉनचा गुरुत्वमध्य बिजागरीच्या रेषेवर आणला की ही साखळी तुटते. शिसं आलं ते त्यासाठी.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे.आर.डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे जुहूला उतरले, ते पस मॉथ विमानातून. त्याच सुमारास जगात ठिकठिकाणी पस मॉथ हवेत मोडून पडत होती आणि चौकशीत फ्लटर हा एक मुख्य संशयित होता. त्या उड्डाणाचं कौतुक होतं ते योग्यच. पण तेव्हाच्या वैमानिकांनी केवढी जोखीम पत्करली होती, हेही सांगायला हवं.

१९४९ मध्ये भारतात रात्रीची विमान टपालसेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रासची विमानं मध्यरात्री नागपूरला भेटत आणि थैल्यांची अदलाबदल करून परतत. या सेवेतल्या डाकोटा विमानांचे एलेरॉन, एलिव्हेटर आणि शेपटीचा रडर कापडानं मढवलेले असत. कापडाला ठिगळ लावलं, वर डोप या लेपाचा थर दिला, की वजन बिजागरीच्या मागं वाढे आणि तोल बिघडे.

आज पत्र्याच्या सेस्ना विमानावरही रंग तेच करतो. समजा, नव्या रंगाचे ६० ग्रॅम बिजागरीमागं सरासरी २५ सेंटिमीटरवर पडले. पुढं वजनाला जागा ५ सेंटिमीटरवरच असेल, तर तोल साधायला ३०० ग्रॅम लागतील. म्हणून रंगकामानंतर, रंग पूर्ण वाळला की, एलेरॉन बिजागरीच्या रेषेवर दोन धारदार टेकूंवर ठेवतात, टेकू समपातळीत आहेत ना ते पाहतात आणि मागची कड किती झुकते ते मोजतात. आकडा उत्पादकाच्या पुस्तिकेतल्या मर्यादेत बसला नाही, तर वजन वाढवतात किंवा जुना रंग खरवडून काढतात. नवा थर जुन्यावरच चढवून वेळ वाचवणारा हा हिशेब बिघडवतो. तोल जमला की आकडा नोंदवहीत चढतो, आणि मगच एलेरॉन पंखावर परत बसतो.